माग्नुस हिर्शफेल्ड : विद्यापीठाबाहेरचा आचार्य

लिंगभाव आणि लैंगिक वैविध्य या विषयांचे पदवी अभ्यासक्रम आज जगातील अनेक विद्यापीठांत चालतात. कॅनडातील टोरंटो विद्यापीठात तर लैंगिक वैविध्याच्या अभ्यासासाठी स्वतंत्र केंद्रच आहे. तरीही हा विषय घेऊन पदवीधर होणाऱ्या तरुणाला घरची मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो पोटापाण्याचा. या शिक्षणाचे पुढे करायचे काय, नोकरी कोण देणार आणि नातेवाइकांना काय सांगायचे? सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीतील एका तरुण डॉक्टरने याच विषयाला आयुष्य वाहिले, तेव्हा या प्रश्नांना काहीच उत्तर नव्हते. अभ्यासक्रम नव्हता, अध्यासन नव्हते, पुस्तके मोजकी होती आणि ज्यांचा अभ्यास करायचा ती माणसे कायद्याच्या लेखी गुन्हेगार होती. या डॉक्टरने विषयही उभा केला आणि त्यावर जगण्याचा मार्गही. माग्नुस हिर्शफेल्ड हे त्यांचे नाव. उभारलेले सारे डोळ्यांदेखत जळून जाताना पाहण्याची वेळही त्यांच्यावर आली.

हिर्शफेल्ड यांचा जन्म १४ मे १८६८ रोजी बाल्टिक समुद्राकाठच्या कोलबेर्ग या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वडील हेर्मान हिर्शफेल्ड हे गावातील नामांकित डॉक्टर होते. गावाने पुढे त्यांचे स्मारकही उभारले. मुलाचा ओढा मात्र आधी साहित्याकडे होता. ब्रेस्लाउ येथे त्यांनी भाषा आणि तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाला सुरुवात केली. पण लवकरच वडिलांच्या वाटेवर येऊन स्ट्रासबुर्ग, म्युनिक, हायडेलबर्ग आणि बर्लिन अशा विद्यापीठांतून वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केले. १८९२ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली ती इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतर उद्भवणाऱ्या मज्जासंस्थेच्या विकारांवरील प्रबंधासाठी. पुढे ज्या विषयात त्यांनी जगभर नाव कमावले, त्याचा या पदवीशी काडीचाही संबंध नव्हता.

पदवीनंतर ते अमेरिकेत गेले. शिकागोचे १८९३ चे जागतिक प्रदर्शन पाहिले, वृत्तपत्रांसाठी लेख लिहून खर्च भागविला आणि परतल्यावर मागडेबुर्ग येथे दवाखाना थाटला. निसर्गोपचाराकडे त्यांचा कल होता, दारूबंदीचे ते कडवे पुरस्कर्ते होते आणि रुग्णांची त्यांना वाण नव्हती. १८९६ मध्ये ते बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गला आले. चार माणसांसारखी प्रॅक्टिस करून सुखाने आयुष्य काढता येईल, असे सारे काही जुळून आले होते.

ती सरळ वाट सोडायला एका रुग्णाचा मृत्यू कारणीभूत झाला. हा रुग्ण सैन्यातील तरुण अधिकारी होता. त्याला पुरुषांविषयी आकर्षण होते आणि घरच्यांच्या आग्रहाखातर त्याचे लग्न ठरले होते. लग्नाच्या आदल्या रात्री त्याने स्वत:वर गोळी झाडली. मरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरला पत्र लिहून आपली कहाणी जगापुढे मांडण्याची विनंती त्याने केली होती. ऑस्कर वाइल्ड यांना इंग्लंडमध्ये १८९५ साली सक्तमजुरी झाली, ती घटनाही ताजी होती. हिर्शफेल्ड स्वत: समलिंगी होते, पण जाहीरपणे तसे त्यांनी म्हटले नाही. १८९६ मध्ये त्यांनी 'साफो आणि सॉक्रेटिस' ही पुस्तिका लिहिली, तीही टोपणनावाने. स्त्रीचे स्त्रीवर आणि पुरुषाचे पुरुषावर प्रेम जडते ते निसर्गत:च, अशी तिची मांडणी होती. लाइपझिगचे प्रकाशक माक्स श्पोर यांनी ती छापली.

जर्मन दंडसंहितेच्या कलम १७५ नुसार पुरुषांमधील समलिंगी संबंध हा तुरुंगवासास पात्र गुन्हा होता. कायद्याच्या शिक्षेपेक्षाही त्याच्या भीतीने होणारी हानी मोठी होती. या कलमाच्या जोरावर खंडणी उकळणाऱ्यांचा धंदा बर्लिनमध्ये जोरात चाले आणि बळी पडलेले लोक पोलिसांकडे जाऊच शकत नसत. मे १८९७ मध्ये हिर्शफेल्ड यांनी आपल्या घरी तीन सहकाऱ्यांसह 'वैज्ञानिक-मानवतावादी समिती' स्थापन केली. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी स्थापन झालेली ही जगातील पहिली संघटना मानली जाते. विज्ञानाच्या मार्गाने न्याय मिळवायचा, हे तिचे ब्रीद होते. कलम रद्द करण्यासाठी तिने निवेदन तयार केले. समाजवादी नेते आउगुस्ट बेबेल यांनी त्यावर सही केली आणि जानेवारी १८९८ मध्ये हा विषय जर्मन संसदेत मांडला. पुढील काही दशकांत निवेदनावर पाच हजारांहून अधिक मान्यवरांच्या सह्या झाल्या. आल्बर्ट आइन्स्टाइन आणि थॉमस मान यांची नावे त्यांत होती. कलम मात्र जागचे हलले नाही.

विद्यापीठे दारात उभे करीत नसल्यामुळे हिर्शफेल्ड यांनी संशोधनाची साधने स्वत:च निर्माण केली. १८९९ पासून त्यांनी या विषयाचे वार्षिक काढले. ते १९२३ पर्यंत चालले. माणसांना मोजल्याखेरीज त्यांच्याविषयी बोलता येणार नाही, या विचाराने त्यांनी १९०३ मध्ये शार्लोटेनबुर्गच्या तंत्रविद्यालयातील सुमारे तीन हजार विद्यार्थ्यांना प्रश्नावली पाठविली. आपले आकर्षण पुरुषांकडे आहे, स्त्रियांकडे की दोघांकडे, एवढेच नाव न लिहिता कळवायचे होते. त्यानंतर बर्लिनच्या पाच हजारांहून अधिक धातुकामगारांनाही असेच विचारले गेले. केवळ पुरुषांकडे ओढा असणाऱ्यांचे प्रमाण एक ते दीड टक्क्यांच्या आसपास निघाले. कामगारांनी तक्रार केली नाही. काही विद्यार्थी मात्र कोर्टात गेले आणि अपमानाच्या आरोपाखाली हिर्शफेल्ड यांना दंड भरावा लागला.

त्यांच्या सिद्धान्ताचा गाभा सोपा होता. संपूर्ण पुरुष आणि संपूर्ण स्त्री ही केवळ कल्पनेतली टोके असून प्रत्यक्षातील प्रत्येक माणूस त्यांच्यामध्ये कुठेतरी असतो, असे ते मानत. इंद्रिये, शरीराची इतर लक्षणे, आकर्षणाची दिशा आणि मनाचा कल अशा अंगांची बेरीज करून त्यांनी माणसांचे ४,३०,४६,७२१ प्रकार संभवतात असे गणित मांडले. या आकड्याची टिंगल झाली. मात्र प्रत्येक माणूस आपापल्या परीने वेगळा असेल, तर कोणाला विकृत ठरविण्याचा आधारच उरत नाही, हा त्यामागचा विचार होता. १९१० मध्ये विरुद्ध लिंगाचा वेश धारण करणाऱ्या व्यक्तींवर त्यांनी ग्रंथ लिहिला. वेशाची ओढ आणि समलिंगी आकर्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. 'ट्रान्सव्हेस्टाइट' हा शब्द त्यांचाच. १९१४ मध्ये समलिंगी स्त्री-पुरुषांवरील हजारावर पानांचा त्यांचा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला.

पोटापाण्याचा प्रश्न त्यांनी कसा सोडविला, हेही पाहण्यासारखे आहे. दवाखाना त्यांनी बंद केला नाही. शहरोशहरी व्याख्याने दिली, सामान्य वाचकांसाठी पुस्तके लिहिली आणि न्यायालयांत तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभे राहिले. हा शेवटचा व्यवसाय एकदा त्यांच्यावर चांगलाच उलटला. सम्राट विल्हेल्म दुसरा याच्या जवळच्या वर्तुळातील माणसे समलिंगी असल्याचा आरोप संपादक माक्सिमिलियान हार्डेन यांनी केला होता. त्यावरून सेनाधिकारी कुनो फॉन मोल्टके यांनी बदनामीचा दावा लावला. ऑक्टोबर १९०७ मध्ये हिर्शफेल्ड यांनी साक्षीत मोल्टके यांची प्रवृत्ती समलिंगी असल्याचे मत दिले. अशी मोठी माणसेही समलिंगी असतात हे कळले, की लोकांचा दृष्टिकोन निवळेल, असा त्यांचा हिशेब होता. घडले उलटेच. तो निकाल रद्द झाला आणि फेरसुनावणीत त्यांना आपले मत मागे घ्यावे लागले. वृत्तपत्रांनी त्यांची हेटाळणी केली, ज्यूद्वेष्ट्यांनी त्यांच्याविरुद्ध पत्रके वाटली आणि समितीचे देणगीदार पांगले. एखाद्याचे खासगी आयुष्य त्याच्या इच्छेविरुद्ध उघड करणे विज्ञानाच्या नावाखाली समर्थनीय ठरते काय, हा आक्षेप त्यांच्यावर तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो.

पहिल्या महायुद्धानंतर राजेशाही कोसळली आणि जर्मनीत मोकळे वारे वाहू लागले. ६ जुलै १९१९ रोजी बर्लिनच्या टियरगार्टन भागातील एका वाड्यात हिर्शफेल्ड यांनी 'लैंगिकशास्त्र संस्था' उघडली. प्रसिद्ध व्हायोलिनवादक योझेफ योआखिम यांचा हा जुना वाडा होता. येथे दवाखाना, ग्रंथालय, संग्रहालय, व्याख्यानगृह आणि विवाहपूर्व सल्ला केंद्र होते. गरिबांकडून पैसे घेतले जात नसत. संततिनियमन, गुप्तरोग, वंध्यत्व, वैवाहिक तक्रारी अशा सर्व प्रश्नांवर येथे सल्ला मिळे. पहिल्याच वर्षात सुमारे साडेतीन हजार माणसे येथे येऊन गेली. संध्याकाळच्या सभांत लोक आपले प्रश्न चिठ्ठीवर लिहून टाकत आणि डॉक्टर सर्वांसमक्ष उत्तरे देत.

या संस्थेत एक वेगळी सोय होती. पुरुषाच्या शरीरात जन्मलेल्या, पण स्त्री म्हणून जगू पाहणाऱ्या व्यक्तींना बाहेर कोणी काम देत नसे. अशा काहींना हिर्शफेल्ड यांनी संस्थेतच घरकामाची नोकरी दिली. त्यांपैकी डोरा रिख्टर यांच्यावर १९३१ पर्यंत टप्प्याटप्प्याने लिंगबदलाच्या शस्त्रक्रिया झाल्या. वैद्यकाच्या इतिहासातील अशा सर्वांत आरंभीच्या शस्त्रक्रियांत त्यांची गणना होते. रस्त्यावर पोलिसांनी अटक करू नये म्हणून अशा व्यक्तींना वेशांतराची परवानगी देणारे दाखले बर्लिन पोलिसांकडून मिळत. ते हिर्शफेल्ड यांच्या वैद्यकीय शिफारशींमुळे शक्य झाले.

संस्था उघडली त्याच वर्षी 'इतरांहून वेगळे' हा मूकपट झळकला. खंडणीखोराच्या छळामुळे आत्महत्या करणाऱ्या व्हायोलिनवादकाची ती कथा होती. रिचर्ड ओस्वाल्ड यांनी दिग्दर्शन केले, कोनराड फाइट यांनी प्रमुख भूमिका केली आणि डॉक्टरच्या भूमिकेत स्वत: हिर्शफेल्ड पडद्यावर आले. पुढच्याच वर्षी त्याच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी आली. ऑक्टोबर १९२० मध्ये म्युनिक येथे व्याख्यान संपवून निघालेल्या हिर्शफेल्ड यांना गुंडांनी इतके मारले, की काही वृत्तपत्रांनी त्यांच्या निधनाचे वृत्तही छापले. रुग्णालयात त्यांनी स्वत:चा मृत्युलेख वाचला आणि बरे होताच ते पुन्हा व्याख्यानांना निघाले.

१९२८ मध्ये कोपनहेगन येथे 'लैंगिक सुधारणेचा जागतिक संघ' स्थापन झाला. स्वित्झर्लंडचे ऑगस्ट फोरेल आणि इंग्लंडचे हॅवलॉक एलिस हे त्याचे हिर्शफेल्ड यांच्यासह अध्यक्ष होते. १६ ऑक्टोबर १९२९ रोजी जर्मन संसदेच्या समितीने कलम १७५ वगळण्याच्या बाजूने १५ विरुद्ध १३ असा कौल दिला. बत्तीस वर्षांच्या श्रमांचे फळ हाती येणार असे वाटत असतानाच आर्थिक मंदी आली, राजकारण फिरले आणि तो प्रस्ताव कायद्यापर्यंत पोहोचलाच नाही. त्याच वर्षी समितीतील मतभेदांमुळे हिर्शफेल्ड यांना तिचे अध्यक्षपदही सोडावे लागले.

१९३० च्या अखेरीस ते अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. तेथून जर्मनीला न परतता ते जपान व चीनकडे वळले. शांघाय येथे ली शिउ तोंग हा वैद्यकाचा तरुण विद्यार्थी त्यांना भेटला. तो त्यांचा शिष्य, सोबती आणि पुढे वारस झाला. १९३१ मध्ये दोघे भारतात आले. येथील व्याख्यानांबरोबरच हिर्शफेल्ड यांनी देशाची स्थितीही डोळसपणे पाहिली. अलाहाबादला जवाहरलाल नेहरू यांच्याशी त्यांची भेट झाली. कॅथरीन मेयो यांच्या 'मदर इंडिया' या पुस्तकाने जगभर रंगविलेले भारताचे चित्र त्यांनी आपल्या प्रवासग्रंथात अमान्य केले आणि भारतीयांच्या स्वातंत्र्याच्या मागणीला सहानुभूती दाखविली.

त्याच काळात मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे हेही अशाच वाटेने चालले होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी गमावून त्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्वे यांचे वकीलपत्र घेतले आणि हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार देऊन बाजू मांडली. कर्वे यांना दंड झाला. या विषयावर शास्त्रीय भाषेत बोलणाऱ्याला नोकरी, पैसा आणि प्रतिष्ठा या तिन्हींची किंमत बर्लिनप्रमाणे मुंबईतही मोजावी लागत होती.

१९३२ मध्ये हिर्शफेल्ड युरोपात परतले. पण जर्मनीत पाऊल ठेवणे आता धोक्याचे झाले होते. ज्यू, समलिंगी आणि समाजवादी विचारांचा हा माणूस नाझींच्या द्वेषाचे लक्ष्य होता. ६ मे १९३३ रोजी सकाळी शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे विद्यार्थी बँड वाजवीत संस्थेवर चालून आले. दारे फोडून त्यांनी पुस्तके, चित्रे व कागदपत्रे ट्रकमध्ये भरली. दुपारी नाझी स्वयंसेवकांनी उरलेले उचलले. १० मे रोजी ऑपेरा चौकात जी ग्रंथांची होळी झाली, तीत संस्थेचे हजारो ग्रंथ गेले. काठीवर अडकविलेला हिर्शफेल्ड यांचा अर्धपुतळा मिरवणुकीत नाचविण्यात आला. हिर्शफेल्ड यांनी हे दृश्य पाहिले ते पॅरिसच्या एका चित्रपटगृहात, बातमीपटात. त्यांची पुस्तके जाळणारे हात अडाण्यांचे नव्हते; ते विद्यापीठांत शिकणाऱ्या तरुणांचे होते.

पॅरिसमध्ये नवी संस्था उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. शेवटचे दिवस त्यांनी फ्रान्समधील नीस शहरात काढले. १४ मे १९३५ रोजी, सदुसष्टाव्या वाढदिवशीच, त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच नाझी सरकारने कलम १७५ अधिक कठोर केले आणि हजारो समलिंगी पुरुषांची रवानगी छळछावण्यांत झाली. संस्थेचे ग्रंथपाल आणि हिर्शफेल्ड यांचे अनेक वर्षांचे सहचर कार्ल गीझ यांनी १९३८ मध्ये ब्रनो येथे आत्महत्या केली.

हिर्शफेल्ड यांच्या विचारांतील उणिवा आज स्पष्ट दिसतात. त्यांच्या काळातील अनेक सुधारकांप्रमाणे सुप्रजननाच्या कल्पनेचे त्यांना आकर्षण होते आणि त्या कल्पनेचे भयंकर टोक नाझींनी गाठले. समलिंगी पुरुषांना 'बरे' करण्यासाठी वृषणांच्या रोपणाचे जे प्रयोग तेव्हा झाले, त्यांवरही त्यांनी काही काळ विश्वास ठेवला. एखादी गोष्ट जन्मजात आहे हे सिद्ध केले, की समाज ती स्वीकारील, हा त्यांचा विश्वास तर इतिहासाने खोटा ठरविला. ज्यू असणेही जन्मजातच होते. त्याने कोणाला वाचविले नाही. वंशवादाचे खंडन करणारे त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले.

तथापि, त्यांच्या कामाचा धागा तुटला नाही. तरुणपणापासून त्यांच्या संपर्कात असलेले न्यूयॉर्कचे डॉक्टर हॅरी बेंजामिन यांनी लिंगबदल करू इच्छिणाऱ्यांच्या उपचारांचे शास्त्र अमेरिकेत रुजविले. जर्मनीत कलम १७५ हे १९६९ मध्ये सौम्य झाले, १९९४ मध्ये पूर्णत: रद्द झाले आणि २०१७ मध्ये महायुद्धोत्तर काळातील शिक्षाही रद्दबातल ठरविण्यात आल्या. २०११ मध्ये जर्मन सरकारने हिर्शफेल्ड यांच्या नावाने प्रतिष्ठान स्थापन केले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांना स्वतंत्र लिंगओळख मान्य केली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ च्या कक्षेतून वगळले. दुसरीकडे, त्याच २०१८ मध्ये हंगेरीच्या सरकारने लिंगभाव अभ्यासाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची मान्यता काढून घेतली. विषयाला मिळालेली विद्यापीठाची खुर्ची कायमची असते असे नाही.

ली शिउ तोंग यांनी गुरूचे कागद, वस्तू आणि मुखवटा जन्मभर जपून ठेवले. झुरिक, हार्वर्ड, हाँगकाँग असा प्रवास करीत ते अखेर कॅनडातील व्हँकुव्हरला स्थायिक झाले. त्यांनी पदवी कधीच पूर्ण केली नाही आणि गुरूंच्या अपेक्षेप्रमाणे नवी संस्थाही काढली नाही. १९९३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांची सूटकेस इमारतीच्या कचऱ्यात टाकण्यात आली. एका शेजाऱ्याने ती उचलून ठेवली आणि सुमारे दहा वर्षांनी ती बर्लिनच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचली. जाळपोळीतून, युद्धातून आणि निर्वासनातून वाचलेले ते कागद आज त्या विषयाचे विद्यार्थी अभ्यासतात. आपल्या विषयाला कधी विद्यार्थी मिळतील की नाही, याची खात्री हिर्शफेल्ड यांना पदवी हाती आली त्या दिवशी नव्हती आणि नीस येथील अखेरच्या दिवसांत तर मुळीच नव्हती.